ना चिरफाड, ना टाका

धनसिंग नायकाला खोटं पचत नाही, असं साऱ्या तांड्याचं म्हणणं होतं. म्हणून त्याच्या घरच्यांनी त्याला एक खोटं पचवायचं ठरवलं.

खोटं तसं साधं होतं. नायकाला झाला होता प्रोस्टेटचा कॅन्सर, आणि त्याला सांगितली गेली पथरी. लघवीचा त्रास म्हणून मुलगा त्याला डॉक्टरकडे घेऊन गेला होता. हा मुलगा अमरदीप, वाशीमच्या एका कॉलेजात शिकवायचा. रक्त तपासून झालं, सुईनं तुकडा काढून झाला, डॉक्टरनं अमरदीपला एकट्याला आत बोलावलं, आणि बाहेर येताना अमरदीप पथरी घेऊनच आला. त्याच संध्याकाळी त्यानं आईला, गोमतीबाईला, स्वयंपाकघरात घेतलं, दार लोटलं, आजीजवळच राहणाऱ्या आपल्या पोरीला, रुचिकाला, मध्ये उभं केलं आणि आईचा हात उचलून पोरीच्या डोक्यावर ठेवला.

"माय, शपथ घे. बाले कळलं नाही पायजे. कोनालेच सांगाचं नाही."

"तुह्या मामाले तरी?"

"मामाले तं बिलकुल नाही. मामाच्या तोंडात तीळ भिजत नाही. तिथून सुटलं का बाच्या कानावर आलंच समज. विमलबाईच्या नवऱ्याचं पाह्यलं ना तू?"

पाहिलं होतं. सगळ्यांनीच पाहिलं होतं. विमलबाईच्या नवऱ्याला डॉक्टरनं तोंडावर रोगाचं नाव सांगितलं. गडी घरी आला, भिंतीकडे तोंड करून निजला, आणि अन्नाला शिवला नाही तो नाहीच. तो रोगानं नाही, नावानं मेला, असं लोक अजून म्हणतात. गोमतीबाईनं शपथ घेतली. तिच्या हाताला कांद्याचा वास येत होता म्हणून रुचिका फिदीफिदी हसली.

उपचाराला हैदराबादला जायचं ठरलं. वाशीमहून गाडी होती. तिथला दवाखाना एवढा मोठा, की गोमतीबाईनं नवऱ्याच्या शर्टाचं टोक धरूनच ठेवलं. एका वळणावर निळा बोर्ड होता, आणि तिथं आल्याबरोबर अमरदीप भिंतीला पाठ लावून उभा राहिला. बाप पुढे जाईपर्यंत जागचा हलला नाही. गोमतीबाईला अक्षर येत नव्हतं. पोराची पाठ खाजत असेल, असं तिला वाटलं.

डॉक्टर पोरसवदा होता, हिंदीत बोलायचा, आणि त्यानं गोमतीबाईला समजेल असं सांगितलं. पोरं उन्हात भिंग धरून कागद जाळतात की नाही? ऊन सगळीकडे सारखंच पडतं, पण भिंगाखाली एका ठिपक्यावर गोळा होतं आणि तिथंच जाळतं. हे तसंच. कानाला ऐकू न येणाऱ्या आवाजाच्या लहरी एका जागी गोळा करायच्या आणि गाठ जाळायची. अलीकडचं, पलीकडचं मांस थंडच राहतं. कापायचं नाही, शिवायचं नाही. रोग अजून एका जागी आहे म्हणून हे जमतं. पसरला असता तर नसतं जमलं. मग त्यानं यंत्राची नळी कुठून आत घालतात तेही सांगितलं, आणि गोमतीबाईनं पदर तोंडावर ओढून घेतला. नायकाला तेव्हा भूल द्यायला नेलं होतं.

दुसऱ्या दिवशी नायक उठून बसला. लघवीची पिशवी लटकत होती, तेवढंच काय ते. त्यानं पोट चाचपलं, कंबर चाचपली, मांड्या चाचपल्या.

"अरे, काहीच नाही! ना चिरफाड, ना टाका!"

इतका खूश तो अमरदीपला नोकरी लागली तेव्हाही झाला नव्हता. गोमतीबाईलाही रडू आलं, पण सुखाचं. देवानं उपचार दिला तो दिला, वर खोट्याला जागाही करून दिली. पोटावर वीतभर चीर असती तर कोणाकोणाची तोंडं बंद केली असती?

तांड्यात एक रीत आहे. कोणी ऑपरेशन करून आलं की सगळे बघायला येतात आणि टाके दाखव म्हणतात. मोजतात. आपल्या टाक्यांशी ताडून बघतात. ज्याचे जास्त त्याला मान जास्त. नायकानं ती रीतच उलटी केली. येईल त्याच्यापुढे तो सदरा वर करायचा आणि म्हणायचा, "पाह्य. दिसते काही?" काहीच दिसायचं नाही. लोक तोंडात बोट घालायचे.

पथरीला कुळथीचं पाणी, हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक. पथरी सांगितली आणि घरात कुळथी शिजली नाही, तर नायकाला शंका यायची. म्हणून गोमतीबाईनं स्वतःच्या अकलेनं रोज सकाळी कुळथी उकळायला घेतली. कोणी सांगितलं नव्हतं. आपण फार हुशारी केली असं तिला वाटलं. नायक नाक मुरडून गिलासभर पाणी प्यायचा, आणि हळूहळू सगळं श्रेय यंत्राकडून सरकून कुळथीकडे आलं. "डाक्तरच म्हने, नायक, आंधी कुळथी पेले असते तं इतल्या दूर याचं कामच नव्हतं," असं तो ओट्यावर बसून सांगू लागला. डॉक्टर असं काही म्हणाला नव्हता. गोमतीबाई ऐकायची आणि गप्प बसायची. खोटं जाडजूड होतंय तेवढं बरंच, असा तिचा हिशेब.

अशातच तिचा भाऊ फुलसिंग मेव्हण्याला बघायला आला.

फुलसिंग कामरगावजवळ राहायचा. बहिणीपेक्षा मोठा. लहानपणी आईबाप ऊस तोडायला गेले की तोच तिला भाकरी थापून घालायचा, आणि ती हटकून जळायची. गोमतीबाईला अजूनही भाकरीचा जळका पापुद्रा आवडतो, तो त्यामुळेच. आला तो पिशवीभर संत्री घेऊन. रुचिकाला दोन दिली, बहिणीच्या ओटीत दोन टाकली, आणि ओट्यावर नायकाशेजारी टेकला. गोमतीबाई दारात डाळ निवडत होती.

इकडचं तिकडचं झाल्यावर फुलसिंगनं आवाज उतरवला.

"नायक, मलेबी लघवीचा तरास होऊन राह्यला. थेंब थेंब होते. कवाकवा लाल दिसते."

गोमतीबाईचा हात सुपात थांबला. नायकही थांबला. तंबाखूचा खर्रा चोळता चोळता त्यानं एकदा बायकोकडे पाहिलं, बराच वेळ पाहिलं. गोमतीबाईनं मान खाली घातली आणि डाळीतला एक खडा शोधला. मग नायकानं मेव्हण्याच्या पाठीत धपाटा घातला.

"पथरी! दुसरं काय? माहं जे झालं थेच तुहं. कुळथी पे, पाह्य कशी भुगा होऊन पडते. अमरदीपची माय, ह्याले कुळथी बांधून दे व."

तिनं बांधून दिली. स्वतःच्या हातानं, फडक्यात, गाठ मारून.

भावाला फाट्यापर्यंत सोडायला ती गेली. वाटेत सांगायचंच, असं तिनं ठरवलं होतं. पण त्या दिवशी सकाळपासून रुचिकाला ताप होता. साधाच ताप, पोरांना येतो तसा. पण तोंड उघडायला गेली की पोरीचं तापलेलं डोकं तिच्या तळहाताला लागायचं.

"भाऊ, डाक्तरले दाखव एकडाव."

"कायले? नायकाले डाक्तरनंच सांगितलं ना कुळथीचं? मंग मले काय दुसरं सांगनार हाय थो?"

"तरीबी दाखव."

"तू लहानपनापासून भेकडच हाय," असं म्हणून फुलसिंग हसला आणि जीपमध्ये बसला. रुचिकाचा ताप दुसऱ्या दिवशी उतरला. शपथ पाळली म्हणून उतरला, असं गोमतीबाईनं मनाशी धरलं. माणूस भ्यायला लागला की त्याला पुरावे मिळतच जातात.

पावसाळा गेला. नायकाच्या रक्ताची तपासणी होत होती, पथरी परत झाली का ते बघायला, आणि दर वेळी चांगली येत होती. नायकाच्या अंगावर मांस चढलं. भाऊबीजेला फुलसिंग आला तेव्हा मात्र गोमतीबाईनं हातातलं ताट खाली ठेवलं. सदऱ्याच्या आत माणूस नव्हताच म्हणा. पाटावर नीट बसता येईना, एका कुल्ल्यावर कलून बसला.

"कंबर दुखते," तो म्हणाला. "कुळथी चालू हाय. नायक म्हनते, पथरी मोठी हाय, टाइम लागन."

तिनं ओवाळलं. औक्षण करताना ज्याचं आयुष्य मागायचं, त्याच्या डोळ्यांत बघायचं असतं. तिला बघता आलं नाही.

दुसऱ्याच दिवशी ती एसटीनं एकटी वाशीमला गेली आणि पोराच्या दारात बसली.

"मले शपथेतून मोकळी कर. माहा भाऊ मरून राह्यला."

"माय, असं काही नसते. म्हातारपनी सगळ्यायलेच होते थे."

"तुह्या बालेबी असंच झालतं."

अमरदीपनं आत चहा सांगितला. तो वाईट पोरगा नव्हता, हे सांगितलं पाहिजे. बापावर त्याचा जीव होता, फक्त बापावरच होता, एवढंच.

"मी स्वतः नेतो मामाले," तो शेवटी म्हणाला. "पोरायची परीक्षा झाली का नेतो. पन तू तोंड उघडू नोको. बा आता कुठं सावरला. बाले कळलं का त्याले क्यान्सर झालता, तं विमलबाईच्या नवऱ्यावानी होईन. तुले नवरा पायजे का नाही?"

एका बाईला असा प्रश्न विचारायचा आणि चहा प्यायचा. अमरदीपनं चहा प्यायला. गोमतीबाई परत आली.

परीक्षा झाल्या. मग पेपर तपासायचे आले, मग सासरकडचं एक लग्न आलं. अमरदीपनं शब्द पाळला, उन्हाळा लागल्यावर पाळला. फुलसिंगचं रक्त तपासलं, फोटो काढले. डॉक्टर अमरदीपला आणि फुलसिंगच्या मुलाला, देवानंदला, म्हणाला की हाडात गेलंय, मणक्यातही आहे. अमरदीपनं विचारलं, त्या लहरींनी नाही का जाळता येणार? डॉक्टर म्हणाला, भिंग एका ठिपक्यावर धरतात. सगळं अंगण पेटल्यावर भिंग कुठं धरायचं? दिवाळीला आणलं असतं तर काहीतरी बोलता आलं असतं. इंजेक्शनं देऊन बघू.

देवानंद बाहेर येऊन रडायला लागला. अमरदीपनं त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"मामाले सांगू नोको. पथरी सांग. आमी बाले तसंच सांगितलं होतं, एक नंबर फायदा झाला."

गोमतीबाई भावाकडे राहायला गेली. तिथंही तेच. घरभर सगळे पथरी पथरी करत होते, आणि फुलसिंग बाजेवर पडून कण्हत होता. अंगाला हात लागला तरी ओरडायचा. मधूनच शुद्धीत आला की बहिणीला जवळ बोलवायचा.

"बाई, पथरी पाठीत चढली म्हनते हे. चढते का?"

"चढते, भाऊ."

"नायकाचीबी चढली होती?"

"हो."

"मंग उतरन. थो कसा टुनटुनीत झाला." मग तो म्हणाला, "सुनेच्या हातची कुळथी पानचट लागते. तू कर. तू त्याले बरा केला ना."

तिनं चूल पेटवली. कुळथी उकळली, गाळली, निववली, आणि भावाचं डोकं मांडीवर घेऊन चमच्या-चमच्यानं पाजली. अर्धी ओठांतून बाहेर आली. ती पुसायची आणि परत चमचा भरायची. असं तिनं तो जाईपर्यंत केलं, आणि श्रावण लागता लागता तो गेला. जाताना त्याला पथरीच होती.

दिवस झाल्यावर गोमतीबाई घरी आली. नायक ओट्यावर खर्रा चोळत बसला होता. आता शपथेचं भय उरलं नव्हतं, शपथ पाळूनही भाऊ गेलाच होता. ती त्याच्यासमोर उभी राहिली आणि एवढ्या वर्षांत कधी बोलली नव्हती तशी बोलली.

"तुमाले पथरी नव्हती. क्यान्सर होता."

तिला वाटलं, आता तो कोसळेल. कोसळावा, असंही वाटलं. खरं सांगायचं तर तेवढ्यासाठीच ती रस्ताभर जीव धरून आली होती.

नायकानं खर्रा गालात धरला.

"मले मालूम हाय."

"काय मालूम हाय?"

"हैदराबादले क्यान्सरचा बोर्ड होता ना, हिंदीतबी लिवलेला. अमरदीप त्याच्यापुढं उभा राह्यला. पोराची पाठ केवढी आन् बोर्ड केवढा! चौथी शिकलो मी. वाचता येते मले."

गोमतीबाई ओट्यावर चढून त्याच्या अगदी पुढ्यात आली.

"मंग माह्या भावाले कुळथी काहून देल्ली?"

"मंग काय सांगू त्याले?" नायक चिडला. "का मले असा असा रोग झाला, पोरानं दूर नेऊन मांगून नळी घातली म्हनून? तांड्याचा नायक हाय मी. पंचायतीत बसतो. फुलसिंगच्या तोंडून साऱ्या जिल्ह्यात गेलं असतं. उद्या मी कोनाले बोललो तं पोट्टे हासले असते मले." मग त्याचा आवाज खाली आला. "आन् मले वाटलं, तू सांगशीन. तुहा भाऊ हाय. तुह्याकडं पाह्यलंबी मी तवा. तू दाळ निवडत राह्यली."

तिला आठवत होतं. त्यानं पाहिलं होतं, आणि तिनं खडा शोधला होता. तो तिच्या भरवशावर गप्प राहिला आणि ती त्याच्यासाठी गप्प राहिली, आणि दोघंही सुखरूप ओट्यावर होते.

"उद्या सकायी कुळथी टाकजो," नायक पिंक टाकून म्हणाला. "धरमसिंग येनार हाय. त्यालेबी लघवीचा तरास सुरू झाला."

धरमसिंग शेजारचाच. त्याच्या पोरीबाळींची लग्नं अजून व्हायची होती. सकाळी तो आला, त्याच्या मागोमाग नेहमीची चार माणसं आली, विमलबाई आली, नायकानं सदऱ्याची बटणं काढून तयारी केली. गोमतीबाई गिलास घेऊन बाहेर आली. धरमसिंगनं हात पुढे केला, पण तिनं गिलास सोडला नाही.

"धरमसिंग, पेऊ नोको. ह्यायले पथरी नव्हती. क्यान्सर होता. माह्या भावालेबी क्यान्सरच होता, कुळथी पाजू पाजू मारला आमी त्याले. तू आजच वाशीमले जाय, रगत तपासून घे."

विमलबाईनं कानांवर हात ठेवले. "सकायी सकायी थे नाव घेऊ नोको व बाई."

धरमसिंग नायकाकडे बघू लागला. नायक रागावला नाही. तो बायकोकडे फार मायेनं बघत होता.

"भाऊ गेला तवापासून असंच बोलते," तो म्हणाला. "पाठचा नाही, बापासारखा भाऊ होता तिचा." मग त्यानं सदरा गळ्यापर्यंत वर केला. "पाह्य, धरमसिंग. तूच पाह्य. क्यान्सर असता तं टाका कुठं हाय?"

धरमसिंगनं वाकून पाहिलं. दुसऱ्या बाजूनंही पाहिलं. पोट गुळगुळीत होतं.

"मांगून घालते नळी!" गोमतीबाई ओरडली. "कापतच नाही! इचारा अमरदीपले, लावा फोन!"

एक जण हसला. फोन लागला, आवाज मोठा करून ओट्यावर ठेवला. नायकानंच विचारलं, "अमरदीप, तुही माय म्हनते मले क्यान्सर झालता. लोकं बसले हायत इथं. काय झालतं मले?"

पलीकडे वर्गातल्या पोरांचा गलका ऐकू आला, मग दार लोटल्याचा आवाज.

"पथरी होती, बा," अमरदीप म्हणाला. "मायचं मनावर घेऊ नका. मामा गेला ना, म्हनून."

बापाला वाचवलं म्हणून त्याचा आवाज किती हलका झाला होता! विमलबाईनं गोमतीबाईच्या खांद्याला धरलं आणि तिच्या बोटांतून गिलास अलगद सोडवून धरमसिंगच्या हातात दिला. त्यानं एका दमात सगळं पाणी संपवलं, मिशा पुसल्या, आणि रिकामा गिलास परत गोमतीबाईपुढे धरला.

"अजून हाय का, काकी?"